सिद्धगडची फुटलेली बातमी

टोकावडें ज्या मुरबाड तालुक्यांत मोडतें, त्याच तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत १९४२ च्या अखेरीस माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें आसरा घेतला होता. मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडण्यासाठीं मनोरे पाडणाऱ्या या चिमुकल्या सत्तेला (सत्ताच म्हणतों आम्ही, कारण इंग्रजी हुकूम तिला मान्य नव्हता) निराळें हेरखातें तें कोठलें? भाकर आणि बातमी एकाच वाटेनें येई. तीच वाट उलटली. ठावठिकाणा फुटला, २ जानेवारी १९४३ रोजीं पोलिसांच्या गोळ्यांनीं कोतवाल व हिराजी पाटील पडले. साताऱ्याचें प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकलें; तेथें खबऱ्यांना निर्दय शिक्षा होत. त्या शिक्षांचें समर्थन आमच्यानें होत नाहीं. परंतु सिद्धगड आठवला कीं त्यांमागची भीति कळते.