अंगमर्दन : राजवाड्यांतील व तालमींतील

नरकचतुर्दशीच्या पहांटे घाईघाईनें अंगास तेल चोपडून घेणें, एवढाच अभ्यंग आपल्या सुशिक्षित घरांत आतां उरला आहे. बाळंतीण व तान्हें मूल यांचा काय तो अपवाद. वाग्भटानें मात्र 'अष्टांगहृदयां'त तो नित्याच्या दिनचर्येंत घातला आहे. त्यानें श्रम व वात यांचा परिहार होतो आणि झोंप चांगली लागते, असें सांगून डोकें, कान व तळपाय यांस तेल विशेष लावावें, अजीर्ण असतां लावूं नये, इतका बारकावा तो नोंदवितो.

पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त अभ्यंग हा राजाच्या स्नानभोगाचा भाग झालेला दिसतो. तेथें एकाचा शीण दुसऱ्याच्या श्रमानें उतरतो. देणारा हात व घेणारी पाठ कायमचीं ठरलेलीं असतात. हीच कला पाटण्याकडच्या शेख दीन महंमद यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटनला नेली, आणि त्याचे उपचार थेट चौथ्या जॉर्ज राजापर्यंत पोंचले. इंग्रजीनें उचललेला 'चांपणें' हा शब्द पुढें 'शांपू' होऊन केसांच्या साबणास चिकटला, ही मौज निराळीच!

कोल्हापुरांत या विद्येस वेगळें वळण लागलें. ज्या शाहू छत्रपतींनीं आपल्या कन्येच्या नांवें राधानगरी वसवून भोगावतीवर धरण बांधावयास घेतलें, त्यांनींच मल्लविद्येस उदार आश्रय दिला; खासबागेचें मैदान १९१२ सालचें. तालमींत जोर, बैठका व लढती झाल्यावर मालीश हवीच. तळहाताच्या टांचेनें व कोपरानें मांडी, पाठ, खांदे मळले जातात. त्यानें स्नायूंतील आम्ल निघून जातें ही समजूत आतां शास्त्रापुढें टिकत नाहीं. तथापि दुखणें कमी भासतें, नाडी कांहीं वेळ मंदावते, आणि उद्यांच्या लढतीच्या धास्तीनें आंवळलेलें मन सैल पडतें, हें खरें.

मला अधिक महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं येथें चाकर नाहीं. जोडीदार जोडीदाराचें अंग मळतो. राधानगरीकडचा एखादा शेतकऱ्याचा पोर तालमींत राहावयास येतो, तेव्हां आरंभीं तो वस्तादाचे पाय चेपतो. चार-सहा वर्षांनीं मैदान मारून आला, कीं त्याच्याच पाठीवर धाकट्यांचे हात फिरूं लागतात.