पाहुण्याचं घड्याळ आणि कर्नलचा राखणदार

लिनक्सच्या लॉगमध्ये कधी कधी एक ओळ उमटते: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू 22 सेकंद अडकला. व्हर्च्युअल मशीनवर ती दिसली, तर पुष्कळदा सीपीयू अडकलेला नसतोच. तो दुसऱ्याच्या कामाला गेलेला असतो.

या गोंधळाची मुळं 1981 च्या आयबीएम पीसीपर्यंत जातात. त्यात इंटेलची 8253 ही टाइमर चिप होती. तिचे सेकंदाला ठोके सुमारे 11,93,182. हा विचित्र आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीमुळे आला. टीव्हीच्या संकेताला जुळणारा 14.31818 मेगाहर्ट्‌झचा स्फटिक मशीनमध्ये होताच, त्याचीच वारंवारता 12 ने भागून टाइमरला दिली. काटकसर म्हणतात ती हीच! ही चिप ठरावीक अंतरानं प्रोसेसरला हाक मारी आणि ऑपरेटिंग सिस्टिम या हाका, म्हणजे टिक, मोजून वेळ ठरवी. मोजणारा सदैव जागा असणार, हे त्यात गृहीतच होतं.

1999 मध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं आणि ते गृहीतक ढासळलं. एका होस्टवर, म्हणजे खऱ्या यंत्रावर, अनेक गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन; प्रोसेसर आळीपाळीनं. पाळी नसलेल्या गेस्टचे टिक साचत. व्हीएमवेअर ते नंतर भराभर पोचवून भरपाई करी. पण लिनक्सही हुकलेले टिक आपल्या अंदाजानं भरून काढी. दोघांनी एकच देणं फेडलं की घड्याळ पुढे धावे. त्यातच लिनक्स 2.6 नं x86 प्रोसेसरवर टिक सेकंदाला 100 वरून 1000 वर नेले, म्हणजे साचणारे टिकही वाढले. 2005 मध्ये 2.6.13 आवृत्तीत ते 250 वर आणावे लागले.

त्याच वर्षी इंगो मोल्नार यांनी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सॉफ्ट लॉकअपचा राखणदार बसवला. युक्ती साधी: प्रत्येक सीपीयूवरचं एक काम अधूनमधून वेळेची नोंद करतं आणि टाइमर ती नोंद शिळी झाली का, ते बघतो. आज मर्यादा 20 सेकंदांची आणि तपासणी दर 4 सेकंदांनी, म्हणून बातमी बहुधा 22 किंवा 23 सेकंदांची. गोठवलेला गेस्ट जागा होतो, घड्याळ एकदम पुढे गेलेलं दिसतं, नोंद जुनी निघते आणि राखणदार भुंकतो.

उपाय सोंग सोडण्यात निघाला. आपण खरंखुरं यंत्र आहोत या भ्रमात गेस्टला ठेवण्याऐवजी केव्हीएम या लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेनं त्याला सरळ सांगायचं ठरवलं. 2008 च्या सुमारास आलेल्या केव्हीएम-क्लॉकमध्ये होस्ट स्वतःच वेळेचा हिशेब सामायिक मेमरीत लिहितो. गेस्ट प्रोसेसरच्या गणकावरून पुढची भर घालतो. 2012 मध्ये तिथेच आणखी एक खूण आली: ‘तुला मुद्दाम थांबवलं होतं.’ राखणदार ती बघतो, पुसतो आणि गप्प राहतो.

होस्टवर नुसती गर्दी झाली, तर मात्र ही खूण कुणी करत नाही. पाळीची वाट बघत ताटकळलेल्या गेस्टच्या लॉगमध्ये 22 सेकंदांची ती ओळ अजूनही येते आणि अनुभवी ॲडमिन गेस्ट सोडून आधी होस्टवरचा भार तपासतो.