कलकत्त्याचा एम्.एस्सी.चा वर्ग



गावातला एखादा मुलगा बी.एस्सी. होतो. घरी पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात. आणि आठ दिवसांनी तोच मुलगा म्हणतो, "मला अजून शिकायचंय. एम्.एस्सी. करायचंय, पदार्थविज्ञानात." वडील त्याच्याकडे पाहतच राहतात. म्हणतात, "अरे, पदवी मिळाली ना? आता आणखी काय शिकायचं राहिलं?"

प्रश्न भाबडा वाटतो खरा, पण तो अगदी रास्त आहे. पदवी मिळाल्यावर पुन्हा दोन वर्षे शिकायचे ते काय? जुनेच धडे अधिक जाड पुस्तकांतून वाचायचे, की आणखी काही? या प्रश्नाचे चांगले उत्तर मला कलकत्त्याच्या एका वर्गात सापडते. तो वर्ग १९१६ साली सुरू झाला. त्याची हकीकत आज तुम्हाला सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली निघाली. लंडनच्या विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवून ती स्थापन झाली होती. पण विद्यापीठ म्हटल्यावर आज आपल्यासमोर जे चित्र उभे राहते, ते तेव्हा नव्हते. शिकवायचे काम कॉलेजांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. बाजारात माल आला की तो तोलायचा आणि त्यावर शिक्का मारायचा, तसे हे काम. तोलणारा माणूस शेत नांगरीत नाही. १९०४ साली नवा कायदा झाला आणि विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा मार्ग मोकळा झाला. तथापि कायदा झाला म्हणजे वर्ग भरतो असे नाही. त्याला जागा लागते, पैसा लागतो आणि सर्वांत आधी माणूस लागतो.

तो माणूस कलकत्त्याला भेटला. आशुतोष मुखर्जी हे मूळचे गणिती, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेले. १९०६ ते १९१४ ते विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाचे स्वतःचे विज्ञान महाविद्यालय असावे, असा त्यांचा ध्यास. पैसा दिला दोन वकिलांनी. तारकनाथ पालित यांनी १९१२ साली आपली जमीन आणि आयुष्यभराची लाखांची कमाई विद्यापीठाच्या स्वाधीन केली. रासबिहारी घोष यांनी पुढच्याच वर्षी दहा लाख रुपये दिले. पालितांच्या देणगीला एक अट होती: या पैशातून नेमायचे प्राध्यापक भारतीयच असावेत. त्या काळी अशी अट घालणे ही साधी गोष्ट नव्हती. मार्च १९१४ मध्ये महाविद्यालयाची कोनशिला बसली.

आता आली माणसांची पंचाईत. पदार्थविज्ञानाच्या पालित प्राध्यापकाच्या जागेसाठी आशुतोषांनी निवडले कोणाला, तर सरकारी हिशेबखात्यातल्या एका अधिकाऱ्याला! हे चंद्रशेखर वेंकट रामन. १९०७ साली ते कलकत्त्यात नोकरीला लागले. बहुबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापलेली विज्ञानसंस्था होती; कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर रामन तिथे जाऊन प्रयोग करीत. विलायतेत जाऊन शिकून या, अशी सूचना त्यांना झाली. रामन म्हणाले, जाणार नाही. अखेर ती अट सुटली आणि १९१७ साली चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सोडून ते बऱ्याच कमी पगारावर प्राध्यापक झाले. दुसरे प्राध्यापक देवेंद्रमोहन बसू अभ्यासासाठी जर्मनीला गेले होते, ते महायुद्ध सुरू झाल्याने तिकडेच अडकले. ते परत आले १९१९ साली.

तेव्हा रोजचा वर्ग चालवायचा कोणी? आशुतोषांनी दोन तरुणांना बोलावले. एक सत्येंद्रनाथ बोस, दुसरे मेघनाद साहा. १९१५ च्या एम्.एस्सी.त बोस पहिले, साहा दुसरे. वय बावीस-तेवीस. आणि गंमत अशी की दोघांची पदवी मिश्रगणिताची, पदार्थविज्ञानाची नव्हे!

या साहांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ढाक्याजवळच्या शिओराताली नावाच्या खेड्यात एका लहानशा दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म. जवळ शाळा नाही, म्हणून दुसऱ्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहून शिकले. १९०५ साली बंगालची फाळणी झाली. गव्हर्नर शाळेत आला तेव्हा मुलांनी बहिष्कार घातला, त्यात हेही होते. शिष्यवृत्ती गेली, शाळा बदलावी लागली. कलकत्त्याला आले तेव्हा हलक्या मानलेल्या जातीचे म्हणून वसतिगृहात काही मुलांनी त्यांना पंगतीला घेतले नाही. थोरला भाऊ तागाच्या गिरणीत कामाला होता. तो आपल्या तुटपुंज्या पगारातून दरमहा पाच रुपये धाडी. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या मुलांना हे काही परके वाटणार नाही.

तर असे हे दोन तरुण शिक्षक. साहांनी क्वांटम सिद्धान्त तयार करावा आणि बोसांनी सापेक्षतावाद, असे ठरले. पण पुस्तके कुठे होती? युद्धामुळे युरोपातली मासिके येईनात. आणि नवे ज्ञान बहुतेक सगळे जर्मन भाषेत! शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ब्रूल नावाचे एक जर्मनभाषक प्राध्यापक होते. ते स्वतः वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. पण त्यांच्या कपाटात प्लांक, बोल्ट्झमान अशांचे ग्रंथ होते. त्यांच्याकडून पुस्तके आणायची, जर्मन भाषेशी झटापट करायची, रात्री समजून घ्यायचे आणि दिवसा वर्गात सांगायचे, असा क्रम सुरू झाला. शिक्षक विद्यार्थ्यांच्या जेमतेम चार पावले पुढे. पुढे १९२० साली आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतावादावरील निबंधांचे या दोघांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने पुस्तकरूपाने काढले. त्याला प्रस्तावना लिहिली प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. वर्गाची गरज म्हणून केलेला अभ्यास अशा रीतीने साऱ्या इंग्रजी जाणणाऱ्या जगाच्या उपयोगी पडला.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले भाषांतर; नवे असे काय केले? तेच सांगतो.

साहा वर्गात उष्णतेचे शास्त्र आणि प्रकाशाच्या वर्णपटांचे शास्त्र शिकवीत. उष्णता एका तासाला, वर्णपट दुसऱ्या तासाला. बहुतेकांच्या डोक्यात हे दोन विषय दोन वेगळ्या वह्यांत राहतात. साहांच्या डोक्यात ते एकत्र आले. ताऱ्यांच्या प्रकाशात निरनिराळ्या रेषा का दिसतात, हे कोडे होते. साहांनी दाखवले की तापमान वाढले की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. आणि वायू विरळ असला तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनाला पुन्हा जोडीदार भेटणे कठीण. भर जत्रेत चुकलेल्याला कोणीतरी ओळखीचे भेटते. ओसाड माळावर कोण भेटणार? तापमान आणि दाब यांवरून किती अणू असे फुटलेले असतील, याचे गणित साहांनी १९२० साली प्रसिद्ध केले. आजही ताऱ्याचा वर्णपट वाचताना ते समीकरण हाताशी घ्यावे लागते.

बोस १९२१ साली नव्याने निघालेल्या ढाका विद्यापीठात गेले. तिथेही एम्.एस्सी.चा वर्ग. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशासंबंधी प्लांकचा नियम मुलांना शिकवायचा होता. नियम बरोबर होता. पण तो सिद्ध करण्याच्या रीती बोसांना पटेनात. अर्धा भाग जुन्या शास्त्राचा, अर्धा नव्याचा, ठिगळ लावल्यासारखे. बोसांच्या हातून फळ्यावर चूक झाली आणि त्यातून शोध लागला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. खरी बाब एवढीच की जे स्वतःला पटत नाही ते मुलांपुढे कसे मांडावे, या टोचणीतून बोस कामाला लागले.

त्यांची युक्ती घरगुती उदाहरणाने सांगतो. ढवळ्या आणि पवळ्या असे दोन बैल आहेत आणि गोठे दोन आहेत. बैल किती तऱ्हांनी बांधता येतील? दोघे पहिल्या गोठ्यात, दोघे दुसऱ्यात, ढवळ्या इकडे पवळ्या तिकडे, किंवा उलट. चार तऱ्हा झाल्या. आता बैलांऐवजी दोन लिटर दूध घ्या आणि दोन कळश्या. दोन्ही लिटर पहिलीत, दोन्ही दुसरीत, किंवा एकेक. तीनच तऱ्हा! कारण हा लिटर कोणता आणि तो कोणता, असे दुधात सांगता येत नाही. प्रकाशाचे कण बैलांसारखे नावाचे नसून दुधासारखे बिननावाचे आहेत असे धरून बोसांनी मोजणी केली, आणि ठिगळाशिवाय प्लांकचा नियम हाती आला.

हा लेख एका इंग्रजी मासिकाने छापला नाही. तेव्हा ४ जून १९२४ रोजी बोसांनी तो थेट आइन्स्टाइनकडे धाडला. ओळख ना देख. पण तुमच्या लिखाणातून शिकलेले आम्ही तुमचे विद्यार्थीच आहोत, अशा भावनेने लिहिले. आइन्स्टाइननी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले आणि त्याच वर्षी तो प्रसिद्ध झाला. बोस तेव्हा तीस वर्षांचे होते आणि डॉक्टरेट त्यांनी कधीच केली नाही. त्यांच्या गणिताने वागणाऱ्या कणांना आज सारे जग 'बोसॉन' म्हणते.

इकडे कलकत्त्यात रामन आपल्या शिष्यांसह प्रकाशाच्या विखुरण्याचा अभ्यास करीत होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कृष्णन यांच्या साथीने केलेल्या प्रयोगातून 'रामन परिणाम' सापडला. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९३६ साली याच विद्यापीठातून बिभा चौधुरी पदार्थविज्ञानात एम्.एस्सी. झाल्या. त्यांच्या वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच. विश्वकिरणांवर महत्त्वाचे काम करून त्या १९४९ साली आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या पहिल्या स्त्री-संशोधक त्याच.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. पदवीनंतर काय शिकायचे राहते? पदवीपर्यंत मुलगा दुसऱ्यांनी सोडवलेली उदाहरणे सोडवायला शिकतो. कोणते उदाहरण अजून सुटलेले नाही, हे ओळखायला शिकणे म्हणजे पुढचे शिक्षण. ते नुसत्या इमारतीतून येत नाही, नुसत्या उपकरणांतून येत नाही, आणि टिपणे पाठ करून तर मुळीच येत नाही. तसे झाले तर विद्यापीठ पुन्हा १८५७ सालचे, माल तोलून शिक्का मारणारे होऊन बसते. मुलाला शहरात धाडताना त्याच्या वसतिगृहाची चौकशी आपण करतो. तिथले शिक्षक स्वतः अजून शिकत आहेत का, याचीही एकदा चौकशी करावी.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, हे फक्त एम्.एस्सी.च्या वर्गाला लागू आहे असे समजू नका. सातवीतली एखादी मुलगी विचारते, "गुरुजी, असं का?" आपल्याला उत्तर ठाऊक नसते. तेव्हा "गप बैस, परीक्षेत येत नाही" असे म्हणणे सोपे असते. त्याऐवजी तिचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा, खाली तारीख घालावी, आणि म्हणावे, "मलाही ठाऊक नाही. पाहून सांगतो." मग खरोखरच पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. बोस आणि साहा यांनी त्या वर्गात सुरुवात केली ती अशीच.