रोलर फिरतोय, पण खटका अडकलाय

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, भाषा मात्र बोलतानाचीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका श्रोत्यांच्या मेसेजमधून आला. ते नेरूळला राहतात. त्यांच्या घरी परदेशातून आलेलं एक जुनं वॉशिंग मशीन आहे. चार पायांवर उभा गोल टब, आणि टबाच्या वर एका खांबावर बसवलेले दोन रबरी रोलर. धुतलेला कपडा या दोन रोलरच्या मधून घालायचा, पाणी खाली टबात पडतं आणि पिळलेला कपडा पलीकडून बाहेर येतो. या रोलरच्या भागाला रिंगर म्हणतात.

त्यांचा प्रश्न असा: "वरची सेफ्टीची पट्टी दाबली की रोलर एकमेकांपासून सुटायला हवेत. ती जाम झालीय. पण मोटर चालते, रोलर फिरतात, कपडे पिळून निघतात. मग वापरायला काय हरकत आहे?"

उत्तर आधीच सांगतो. हरकत आहे, आणि मोठी आहे. ती पट्टी सुटेपर्यंत प्लग लावूच नका. का, ते समजायला थोडं इतिहासात जावं लागेल, आणि वाटेत आपली रसवंतीसुद्धा लागेल.

हँडल हातात होतं तोवर

कपडे पिळायचे रोलर विजेच्या कितीतरी आधीचे आहेत. सुरुवातीला ते लाकडी होते. मग चार्ल्स गुडइयरने १८४४ साली रबराच्या व्हल्कनायझेशनचं पेटंट घेतलं. गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करायची ही पद्धत. त्यामुळे पुढे रबरी रोलर शक्य झाले. रबराचा फायदा काय? ते थोडं दबतं आणि घट्ट पकडतं. जाड शिवण आली, बटण आलं, तरी कपडा न फाटता पुढे सरकतो.

आता हा गुण लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा त्रास यातूनच आहे. जे रबर ओली चादर घट्ट पकडतं, ते ओला हातही तितकाच घट्ट पकडतं.

तरी हाताने फिरवायच्या रिंगरमध्ये एक सोय आपोआप होती. एका हाताने हँडल फिरवायचं, दुसऱ्या हाताने कपडा सारायचा. बोट अडकलं की दुखतं, दुखलं की हँडल थांबतं. ताकद लावणारा आणि दुखणारा माणूस एकच. त्याहून चांगला सेफ्टी स्विच अजून कोणी बनवलेला नाही.

वीज आल्यावरही काही कंपन्यांनी हे हँडल ठेवलं. १९४८ मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिलला हूव्हरचा वॉशिंग मशीनचा कारखाना सुरू झाला. तिथल्या छोट्या मशीनमध्ये धुवायला वीज होती, पण पिळायचा रिंगर हाताच्या हँडलवर चालायचा.

मोटरला दुखत नाही

अमेरिकेत मात्र रिंगरसुद्धा मोटरला जोडला गेला. टबाखालची मोटर, तिच्यापासून गिअर, गिअरपासून खांबातून वर जाणारा शाफ्ट, आणि वर रोलर पुढे-मागे फिरवायचा दांडा. काम झटपट होऊ लागलं. पण ताकद लावणारा आणि दुखणारा हे दोघे आता वेगळे झाले. मोटरला काही कळत नाही. चादर आली काय आणि मनगट आलं काय, ती आपली ओढत राहते.

याचे परिणाम इतके दिसले की डॉक्टरांनी त्या दुखापतीला नावच दिलं, 'रिंगर आर्म'. १९३८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा २६ रुग्णांवर लेख आला होता. यात सापडायची ती बहुतेक लहान मुलं. आई कपडे वाळत घालायला गेली, मूल स्टुलावर चढलं, फिरणाऱ्या रोलरला हात लावला. बोटं, मनगट, कोपर असा हात आत जायचा आणि जिथे अडकेल तिथे रोलर जागच्या जागी घासत राहायचे. वरून जखम किरकोळ दिसायची, पण आतले स्नायू दाबले गेलेले असायचे आणि सूज नंतर वाढायची. म्हणून डॉक्टर मुलाला लगेच घरी न सोडता लक्ष ठेवायला सांगायचे.

अशा वेळी घाबरलेला माणूस काय करतो? एक तर हात ओढतो, म्हणजे कातडी सोलली जाते. नाही तर रोलर उलटे फिरवतो, म्हणजे तोच हात त्याच दाबातून पुन्हा जातो. खरा उपाय एकच: दाब काढून टाकायचा. त्यासाठी ती पट्टी. तिच्यावर जोरात थाप मारली की खटका सुटतो, स्प्रिंगचा दाब जातो, वरचा रोलर मोकळा होतो. काही मशीनमध्ये तर कपडा उलट्या दिशेला जोरात ओढला तरी खटका सुटतो, कारण अडकलेला माणूस तेच करणार हे बनवणाऱ्याने ओळखलं होतं.

मळणीपासून धुण्यापर्यंत

इथे एक गंमतीची गोष्ट आहे. रिंगर मशीनसाठी प्रसिद्ध झालेली मेटॅग ही कंपनी आयोवा राज्यातल्या न्यूटन गावात १८९३ साली सुरू झाली, ती शेतीची अवजारं बनवायला. काय बनवायचे? मळणी यंत्रात धान्याच्या पेंढ्या आपोआप सारणारं उपकरण. हाताने पेंढी घालताना मजुरांचे हात जायचे, म्हणून हात लांब ठेवणारं यंत्र. तिथून १९०७ मध्ये ते वॉशिंग मशीनकडे वळले आणि रिंगरवाली मशीन १९८३ पर्यंत बनवत राहिले.

आता १९८३ हे साल आपल्याकडे बघा. त्याच वर्षी भारतात धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा आला, आणि त्याच्या केंद्रस्थानी होतं मळणी यंत्र, म्हणजे पॉवर थ्रेशर. हरितक्रांतीनंतर थ्रेशर गावोगाव पोचले आणि हात तुटायच्या घटना वाढल्या. थ्रेशरसाठीच्या भारतीय मानकात घमेल्यासारखं तोंड चालत नाही. पेंढी सारायची नळी किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातली ४५० मिलिमीटर झाकलेली हवी. थोडक्यात, हाताच्या लांबीपेक्षा तोंड लांब ठेवा. न्यूटन गावातली जुनी कल्पना, वेगळ्या रूपात.

आपला रिंगर: चरक

कपडे पिळायचा रिंगर आपल्या घरांत फारसा आलाच नाही. आपण दोन हातांनी पिळण्यावरून १९८०च्या दशकात थेट सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनरवर गेलो. पण रोलरमध्ये घालून पिळणं आपल्याला नवं नाही. भाषेतच आहे ना, "चरकातून पिळून काढलं".

जुना चरक लाकडी. बैल गोल फिरायचा, माणूस बसून ऊस सारायचा. १८७०च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न यांनी लोखंडी रोलरचा चरक काढला. पुढे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांसोबत उसाचे चरकही बनले. बैलाच्या काळातही अपघात होत असणार, पण बैल निदान हाक मारल्यावर थांबतो. मग इंजिन आलं, मोटर आली, बैल गेला. घुंगरू मात्र राहिले. रसवंतीच्या चरकाला आजही ते बांधलेले दिसतात.

पुढच्या वेळी रस प्यायला थांबलात की रसवाल्याच्या हाताकडे बघा. कांडं एकदा जातं. मग चिपाड दुमडून, आत आलं-लिंबू घालून पुन्हा. मग आणखी दुमडून पुन्हा. दर फेरीला चिपाड आखूड होतं आणि बोटं रोलरच्या जवळ येतात. तिथे कुठे थाप मारायची पट्टी आहे का, बघा. मोटरचं बटण त्याच्या मोकळ्या हाताला पोचतं का, तेही बघा. पुष्कळ ठिकाणी ते मागच्या भिंतीवर असतं. उन्हाळ्यात चरकात हात अडकल्याच्या बातम्या येतात, तेव्हा यंत्र उघडून किंवा कापून हात सोडवावा लागतो.

खटका सोडवायचा कसा

आता मूळ कामाकडे. हे मी सर्वसाधारण रचना धरून सांगतोय. तुमच्या मशीनचे फोटो प्रत्येक पायरीला काढत जा.

पहिलं, प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दुसरं, रिंगरच्या डोक्यावर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो पूर्ण सैल करा. वरचा रोलर उचलला गेला, तर दोष खटक्यात आहे. नाही उचलला, तर वर्षानुवर्षं दाबात राहून रबर रबराला चिकटलंय. ते साबणाच्या पाण्याने भिजवून हळूहळू फिरवत सोडवा. मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालू नका, रबराला चिरा पडतात.

तिसरं, खटका. तो अडकायची दोन मोठी कारणं: घट्ट झालेलं जुनं ग्रीस आणि गंज. आपल्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत दुसऱ्याची कमी नाही. ग्रीस ब्रशने आणि रॉकेलने काढा, पण रॉकेल रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं. गंजलेल्या पिनेवर गंज सोडवायचं तेल टाका आणि रात्रभर थांबा. हातोडी मारू नका. आतले छोटे भाग पुष्कळदा जस्ताच्या ओतकामाचे असतात, ते वाकत नाहीत, थेट तुटतात. खटक्याची धार कानशीने घासून नवी करायच्या फंदातही पडू नका. धारेचा कोन बदलला की एक तर तो सारखा सुटेल, नाही तर सुटणारच नाही.

चौथं, चाचणी. प्लग काढलेलाच ठेवून रोलरमध्ये दुमडलेला टॉवेल घाला, नेहमीचा दाब द्या आणि पट्टीवर तळहाताने थाप मारा. दहापैकी दहा वेळा सुटला पाहिजे. नऊ वेळा सुटला तर काम बाकी आहे.

आणि शेवटचं, विजेचं. जुन्या मशीनला पुष्कळदा दोन पिनांचा प्लग असतो, म्हणजे अर्थिंग नाही, आणि टब धातूचा, त्यात पाणी. मशीन अमेरिकन असेल तर ते ११० व्होल्टचंही असेल. हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतल्याशिवाय चालवू नका. वापर झाल्यावर रोलरचा दाब नेहमी सैल करून ठेवा.

न दिसणारा बिघाड

मोटर बिघडली तर मशीन बंद पडतं आणि आपण दुरुस्त करतो. रोलर फाटला तर कपडे ओले राहतात, तेही कळतं. खटका अडकला तर काहीच होत नाही. कपडे तसेच पिळून निघतात. म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि नेमका हवा त्या एका दिवशी सुटत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे बॅकअपच्या बाबतीत रोज बघतो. बॅकअप घेतला जातो, तो परत उघडून कोणी बघत नाही.

तुमच्या घरी रिंगर नसेल, पण सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर तिच्यात याच खटक्याचा भाऊबंद आहे. स्पिनरचं झाकण उघडलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक लागतो. तार तुटली तरी कपडे छान सुकतात, म्हणून कोणी मेकॅनिक बोलावत नाही. आज स्पिनर चालू असताना झाकण उघडून बघा. हात आत घालू नका, नुसतं बघा. काही सेकंदांत थांबला तर ठीक. बराच वेळ फिरत राहिला तर तो बंद ठेवा आणि ब्रेक दुरुस्त करून घ्या. घरात लहान मूल असेल तर उद्यावर ढकलू नका.

नेरूळच्या श्रोत्यांनी खटका सुटल्यावर व्हिडिओ पाठवायचं कबूल केलंय. आला की दाखवीन. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.