धूळपाटी ते टेक्स्ट फाईल

संगणकावर प्रोग्राम चालवला की उत्तरे पडद्यावर उमटतात आणि खिडकी बंद केली की नाहीशी होतात. ती जपायची असतील तर युनिक्स किंवा लिनक्समध्ये प्रोग्रामच्या नावापुढे > हे चिन्ह आणि त्यापुढे फाईलचे नाव लिहायचे. पडद्यावर जाणारा मजकूर टेक्स्ट फाईलमध्ये जातो. ही सोय अर्ध्या शतकाची, पण तिच्यामागची गरज हजार वर्षांहून जुनी आहे.

प्राचीन भारतात अंकगणिताला पाटीगणित म्हणत, धूलिकर्मही म्हणत. पाटीवर धूळ पसरून त्यात अंक काढत. आपली धुळाक्षरे त्याच कुळातली. गुणाकार करताना एक अंक पुसून त्या जागी दुसरा लिहायचा, संख्या एकेक घर पुढे सरकवायची. शेवटी पाटीवर उत्तर तेवढे उरे. ते कसे आले, हे धुळीबरोबरच गेलेले असे.

खलिफा मामूनच्या काळात (८१३–८३३) बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने हे हिंदी अंकगणित अरबीत मांडले. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पण त्या ग्रंथाची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. उरली ती लॅटिन रूपांतरे.

पुढचे पाऊल दमास्कसमध्ये पडले. अबुल हसन अल-उक्लिदिसी याने इ. स. ९५२ मध्ये (हिजरी ३४१) हिंदी हिशेबावर 'किताब अल-फुसूल' लिहिले. त्याने आकडेमोडीच्या रीतीच अशा बदलल्या की धूळ नको आणि पुसणेही नको. शाई आणि कागद पुरेत. धूळपाटी रस्त्यावरच्या ज्योतिषांच्या हातात दिसते, म्हणून प्रतिष्ठित लोकांना ती हाती धरणे आवडत नाही, असेही एक कारण तो देतो. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला होता, त्यामुळे हे जमण्यासारखे होते. अरबी ग्रंथांतला दशांश अपूर्णांकांचा सर्वात जुना ज्ञात वापरही याच पुस्तकात आहे: १९ ची पाच वेळा निमपट करून तो ०.५९३७५ पर्यंत येतो. पुस्तकाची ११५७ सालची एक नक्कल इस्तंबूलमध्ये टिकली, म्हणून आपल्याला हे कळते.

अरबांनी भारताचे अंक युरोपला पोचवले, असे शाळेत एका ओळीत उरकले जाते. जणू ते फक्त हमाल होते! उक्लिदिसी हमाल नव्हता. त्याने मालच सुधारला. कागदावर पायऱ्या राहिल्या की चूक दुसऱ्यालाही शोधता येते. वारसाहक्काची वाटणी असो की सरकारी महसूल, ज्याला हिशेब तपासता येत नाही त्याला समोरच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभारले. नोव्हेंबर १९७१ च्या त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत > हे चिन्ह आहे. तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर खडखडत छापणारा टेलिटाइप. म्हणून आजही आपण 'प्रिंट' म्हणतो. युनिक्सची खुबी अशी की आपला मजकूर टर्मिनलवर चालला आहे की फाईलमध्ये, याची चिंता प्रोग्रामला करावी लागत नाही. तो बोलतो, लिहून कुठे ठेवायचे ते आपण ठरवतो.

मात्र धूळपाटीचा स्वभाव इथेही शिल्लक आहे. त्या नावाची फाईल आधीच असेल तर > तिच्यातला जुना मजकूर सहसा न विचारता पुसून टाकतो. जुने राखून खाली नवे जोडायचे तर >> असे दोनदा लिहावे लागते. शिवाय फाईलकडे जाणारा मजकूर बऱ्याचदा आधी स्मृतीत साठतो. प्रोग्राम मध्येच कोलमडला तर शेवटच्या ओळी फाईलपर्यंत पोचतच नाहीत.

आज शिष्यवृत्तीच्या याद्या, रेशनची पात्रता, मतदारांची नावे प्रोग्राममधून निघतात. 'संगणकात असेच आले आहे' हे उत्तर म्हणजे पुसलेली पाटी आहे. ते कसे आले, याची नोंद मागणे हा आपला हक्क आहे, आणि त्या मागणीचा वारसा दमास्कसपर्यंत जातो.