जोडप्याकडून आकड्याकडे

महाराष्ट्रात संततिनियमनाची पहिली ठाम मांडणी झाली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी देशाची लोकसंख्या नव्हती, नवरा-बायको होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर झिजते. पण त्याआधीच दिवस राहण्याच्या धास्तीने तिला नवऱ्याची जवळीक नकोशी होते, हे कर्व्यांनी ओळखले होते. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते उघडपणे लिहीत. अशा लेखनासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

या विचारावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गांधीजींचा होता. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर त्यांना भेटल्या, तेव्हाही ते आपल्या मतावर ठाम राहिले: साधने वासनेला मोकळे रान देतात, खरा उपाय संयम, आणि बायकोने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे. बाईच्या नकाराला त्यांनी मान दिला, हे मोलाचेच. पण ज्या घरात तिच्या शब्दाला किंमत नाही, तिथे संयमाची सारी जबाबदारी सर्वांत दुबळ्या माणसावर येते. शिवाय ज्या जोडप्याला एकमेकांची ओढ आहे, त्याने प्रेम आणि प्रकृती यांतून एकच का निवडावे, याचे उत्तर त्या उपदेशात नाही.

१९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि पुढे सुखापेक्षा उद्दिष्टांचे आकडे मोठे झाले. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, अनेकांवर सक्तीने. त्या दहशतीनंतर पुरुष या शस्त्रक्रियेपासून जे दुरावले, ते परतलेच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवऱ्याच्या नसबंदीवर विसंबणाऱ्या फक्त ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असूनही हे चित्र आहे.

यावर कोणी म्हणेल, शस्त्रक्रियेने कोट्यवधी बायकांची धास्ती कायमची मिटवली, हे थोडे आहे का? मुळीच नाही. पण ही सुटका येते ती मुले झाल्यावर. लग्नानंतरची जी वर्षे एकमेकांना ओळखण्याची, ती अनेकींची बाळंतपणांतच जातात. आणि ज्या निर्णयाची झळ एकालाच सोसावी लागते, तो दोघांचा म्हणवून घेता येत नाही. म्हणून साधनाइतकीच ते निवडण्याची रीतही महत्त्वाची आहे. आरोग्यकेंद्रात दोघांना एकत्र बसवून तात्पुरती साधने आणि पुरुषाची नसबंदी मोकळेपणाने समजावली, तरच कुटुंबनियोजन पुन्हा जोडप्याचे होईल.