‘गिव्ह अप’ आणि असीरगड

इंग्रजीतील ‘गिव्ह अप’ हे जोडक्रियापद शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. परंतु दोहोंची नुसती बेरीज करून अर्थ हाती लागत नाही. व्यसन सोडणे, कोडे सुटेना म्हणून हार मानणे, किल्ला शत्रूच्या स्वाधीन करणे आणि स्वतः होऊन शरण जाणे, इतकी कामे हे एकच क्रियापद करते. मराठीत दर वेळी निराळा शब्द योजावा लागतो. ही निवड वरवर व्याकरणाची वाटते. बऱ्हाणपूरच्या परिसरात ती इतिहासाची ठरते.

बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्यात असीरगड उभा आहे. त्याच्याजवळच्या ढोलकोट येथे ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव पेशवे सर जॉन माल्कम यांच्या छावणीत दाखल झाले. सालीना आठ लक्ष रुपयांच्या तनख्यावर त्यांनी राज्यावरील आपला व वारसांचा हक्क सोडला, आणि पुढे ते ब्रह्मावर्तास राहिले. येथे ‘गिव्ह अप’चे दोन अर्थ एकत्र आले : हक्क सोडणे आणि स्वतःस स्वाधीन करणे.

असीरगड त्या वेळी दौलतराव शिंद्यांचा होता. ५ नोव्हेंबर १८१७ च्या तहाने, युद्ध संपेपर्यंत तो इंग्रजांच्या ताब्यात देण्याचे शिंद्यांनी कबूल केले होते. पण किल्लेदार यशवंतराव लाड यांनी गड दिला नाही. इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले यांनाही गडाचा आश्रय मिळाला. अखेर मार्च १८१९ मध्ये वेढा पडला. सुमारे तीन आठवडे किल्लेदाराने जे केले त्याला इंग्रजीत ‘होल्ड आउट’ म्हणतात. मराठीत, तग धरणे. ९ एप्रिल रोजी तोफांच्या माऱ्यापुढे गड स्वाधीन करावा लागला.

गडात पुढे दौलतरावांचे एक पत्र सापडले. पेशव्यांचा हुकूम होईल तसे वागावे, अशी त्यात किल्लेदारास आज्ञा होती. म्हणजे शिंद्यांचे ‘गिव्ह अप’ केवळ तहाच्या कागदावर होते, आणि ज्याला बंडखोर ठरवले तो किल्लेदार धन्याची आज्ञाच पाळीत होता. या पत्राचे निमित्त होऊन असीरगड इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला.

पेशवे, शिंदे आणि लाड या तिघांनाही इंग्रजी बखरकार हे एकच क्रियापद लावू शकतो. भाषांतरकाराने तिघांविषयी ‘शरण गेले’ असे सरसकट लिहिले, तर वाक्य शुद्ध राहील; न्याय मात्र होणार नाही. म्हणून कोशातील पहिला अर्थ उचलण्यापूर्वी विचारावे : कोणी, काय, कोणाला दिले? आणि देण्यापूर्वी किती काळ तग धरला?